लहान खोलीसाठी नवे स्पीकर: आधी खोली मोजा

जुने स्पीकर काढून नवे घ्यायचे ठरले की बहुतेक जण थेट नावांच्या यादीकडे वळतात. कोणती कंपनी, किती इंचांचा वूफर (खर्ज, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा शंकू), परीक्षणात काय लिहिलंय. खोली लहान असेल तर हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. लहान खोलीत खर्ज कसा ऐकू येणार हे स्पीकरपेक्षा भिंतीच जास्त ठरवतात. म्हणून टेप घेऊन खोली मोजण्यात घालवलेला अर्धा तास महिनाभर परीक्षणं वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

हिशेबासाठी एक खोली डोळ्यांसमोर ठेवू: 3 मीटर रुंद, 3.6 मीटर लांब, 2.7 मीटर उंच. स्पीकर आखूड भिंतीशी, आणि ऐकणारा त्यांच्यापासून सुमारे दोन मीटरवर. तुमची खोली थोडी वेगळी असेल, पण आकडे काढायची रीत तीच.

त्याआधी जुन्या जोडीकडे एकदा नीट बघा. वूफरच्या शंकूभोवती जी लवचीक कड असते ती फोमची असेल, तर दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. मग खर्ज फाटतो आणि शंकू घासल्यासारखा आवाज येतो. जाणकार कारागीर ही कड नवी बसवून देतो. रबराची कड खूप जास्त टिकते. आत क्रॉसओव्हरमध्ये (खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर तेही वयानुसार बिघडतात, आणि तेही बदलता येतात. म्हणजे आवडती जोडी फक्त थकली असेल तर ती दुरुस्त करणं हाच उत्तम निर्णय ठरू शकतो.

तक्रार वेगळी असेल, म्हणजे ‘बास घुमतो’, ‘गाणाऱ्याचा आवाज पोकळ वाटतो’, ‘काही सूर अंगावर येतात आणि काही गायबच होतात’, तर एक सोपी परीक्षा करा. स्पीकर एक फूटभर पुढे-मागे सरकवा, खुर्ची हातभर हलवा आणि तेच गाणं पुन्हा लावा. तक्रारीचं स्वरूप बदललं, तर दोष खोलीचा आहे. तो दोष नव्या स्पीकरांनाही जसाच्या तसा मिळणार.

भिंती नेमकं काय करतात

वीस अंश सेल्सियसला आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्यामुळे 1000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 1000 कंपनांच्या सुराची तरंगलांबी 34 सेंटिमीटर असते, 100 हर्ट्झची 3.4 मीटर, आणि 40 हर्ट्झची साडेआठ मीटरहून थोडी जास्त. आता आपली खोली आठवा. खर्जाचे तरंग खोलीपेक्षाच मोठे आहेत. ते खोलीतून ‘जात’ नाहीत, ते खोली भरून टाकतात.

परातीत पाणी घेऊन ती हळूहळू हलवली, की एका ठरावीक लयीला पाणी एकदम उसळ्या मारायला लागतं. ती लय परातीच्या लांबीवर ठरते, हलवणाऱ्याच्या मर्जीवर नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमधली हवा हेच करते. भिंतींमधल्या अंतरात अर्धी तरंगलांबी नेमकी बसली, की तो सूर तिथे ठाण मांडतो. सूत्र सोपं आहे: 343 ला अंतराच्या दुपटीने भागायचं. 3.6 मीटर लांबीसाठी उत्तर येतं 48 हर्ट्झ, 3 मीटर रुंदीसाठी 57, आणि 2.7 मीटर उंचीसाठी 64. याच आकड्यांच्या दुप्पट-तिप्पट सुरांवरही तसंच घडतं.

याचा कानावर होणारा परिणाम बघा. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर 41 हर्ट्झचा सूर येतो. त्याच तारेवर तिसऱ्या पडद्याला बोट ठेवलं की 49 चा. वादकाने दोन्ही सूर सारख्याच जोराने वाजवलेत, पण आपल्या खोलीत दुसरा सूर फुगून येतो आणि बराच वेळ रेंगाळतो, पहिला बिचकत येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्पीकरचा बास ‘एकसुरी’ आहे. स्पीकरने तर दोन्ही सूर इमानदारीने वाजवलेले असतात.

तुम्ही कुठे बसता यावरही बरंच अवलंबून असतं. या ठाण मांडलेल्या तरंगाचा दाब भिंतीजवळ सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. खुर्ची खोलीच्या ऐन मध्यावर ठेवली तर 48 हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसा होतो, आणि पाठ भिंतीला टेकवून बसलं तर तोच सूर दणदणतो. म्हणून मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर बसून सुरुवात करावी आणि तिथून थोडं इकडेतिकडे सरकून बघावं. लांबी आणि रुंदी सारखी असलेली चौरस खोली सर्वांत त्रासदायक, कारण तिथे दोन दिशांचे सूर एकाच आकड्यावर येऊन बसतात.

खोलीची ही सत्ता कुठवर चालते? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या नावाने एक सीमा ओळखली जाते. खोलीचं घनफळ आणि आवाज विरायला लागणारा वेळ यांवरून ती काढतात. आपल्या खोलीचं घनफळ 29 घनमीटर आहे. गालिचा, पडदे, पुस्तकं यांमुळे आवाज 0.4 सेकंदात विरतो असं धरलं, तर ही सीमा 230 हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या खाली खोलीचं राज्य, तिच्या वर हळूहळू स्पीकरचं. पुरुषाच्या आवाजाचा पायाही बऱ्याचदा या सीमेच्या खालीच असतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त दणदणीत संगीत ऐकणाऱ्यांचा आहे असं समजू नये.

आता स्पीकरच्या मागची भिंत. खर्जाचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, ते चारही बाजूंना पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे जाणाऱ्या आवाजात मिसळतो. जाऊन-येऊन त्याने अर्ध्या तरंगलांबीचं अंतर कापलं असेल, तर दोघे एकमेकांना मारतात आणि त्या सुरावर खड्डा पडतो. वूफर आणि भिंत यांच्यात एक मीटर अंतर असेल तर खड्डा 86 हर्ट्झला, अर्धा मीटर असेल तर 172 ला. अंतर वीस सेंटिमीटरवर आणलं तर तो 430 च्या जवळ जातो. पण तिथवर स्पीकर मागे कमी आणि पुढे जास्त आवाज फेकायला लागलेला असतो, त्यामुळे खड्डा उथळ होतो.

मला या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. मोठ्या खोलीत स्पीकर भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणून ठेवता येतात. लहान खोलीत ती सोय नाही. अर्ध्या मीटरवर ठेवावं तर खड्डा नेमका गाण्याच्या भरीव भागात पडतो. म्हणून बऱ्याच वेळा स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ न्यावा लागतो, आणि भिंतीजवळ चांगला वाजणारा स्पीकर हीच निवडीची पहिली अट होते. ‘भिंतीपासून किमान 60 सेंटिमीटर दूर ठेवा’ असं ज्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, तो कितीही नावाजलेला असला तरी या खोलीसाठी नाही.

किती मोठा घ्यावा

भिंत जवळ असली की खर्ज वाढतो. एका भिंतीमुळे सिद्धांताप्रमाणे 6 डेसिबलपर्यंत, कोपऱ्यात त्याहून जास्त. मोकळ्या जागेत सपाट वाजणारा मोठा टॉवर स्पीकर इथे आणला, तर आधीच भरपूर असलेल्या खर्जात भर पडते आणि तीही नेमकी 48, 57, 64 या सुरांवर. ‘मोठे स्पीकर घेतले पण मजा येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये एक नियम प्रसिद्ध आहे. तो अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो; केएलएच या कंपनीच्या नावातला शेवटचा एच त्यांचाच. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन निवडा, तिसरीवर पाणी सोडा. एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-1 आणला. त्यात बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून त्यांनी तुलनेने लहान पेटीतून खोल खर्ज काढला, आणि त्याची किंमत जास्त ताकदीच्या ॲम्प्लिफायरच्या रूपाने मोजली. आजचे बहुतेक लहान स्पीकर याच सौद्यावर उभे आहेत.

लहान जागेचा विचार करताना बीबीसीच्या एलएस3/5ए या स्पीकरकडे बघितलंच पाहिजे. 1970 च्या दशकात बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी तो तयार झाला. अशा गाडीत मोठा स्पीकर मावणारच नव्हता. जेमतेम 30 सेंटिमीटर उंचीची बंद पेटी, त्यात केईएफ कंपनीचा लहान वूफर आणि ट्वीटर. खोल खर्जाचा हट्ट त्यांनी सोडून दिला आणि बोलणाऱ्या माणसाचा आवाज खरा वाटला पाहिजे यावर सगळं लक्ष दिलं. त्या आराखड्याचे स्पीकर आजही बनतात. तोच घ्या असं माझं म्हणणं नाही; त्याहून सपाट आणि दमदार लहान स्पीकर आता मिळतात. पण लहान खोलीत काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं याचा तो निर्णय मला आजही अचूक वाटतो.

बंद पेटी की पोर्टवाली, हा वाद जुना आहे. पोर्ट म्हणजे पेटीला दिलेली नळी. तिच्यामुळे खर्ज थोडा खोल जातो, पण त्याखाली एकदम कोसळतो, अष्टकामागे (सूर निम्म्या हर्ट्झवर येण्यामागे) सुमारे 24 डेसिबल या वेगाने. बंद पेटीत तो लवकर उतरायला लागतो पण हळू, अष्टकामागे 12 डेसिबल. लहान, घट्ट बंद खोली सर्वांत खालच्या सुरांना स्वतःच उचल देते, आणि बंद पेटीच्या हळुवार उताराशी ही उचल छान जुळते. पोर्टवाला स्पीकर आवडलाच तर पोर्ट पुढच्या बाजूला आहे का, किंवा तो बुजवायला फोमचा बुच मिळतो का, एवढं बघा. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीला चिकटवू नये, नळीला श्वास घ्यायला थोडी जागा हवी.

आपल्या खोलीसाठी मी 13 ते 16 सेंटिमीटर वूफरचा दोन-मार्गी, म्हणजे एक वूफर आणि एक ट्वीटर असलेला स्पीकर निवडेन. बंद पेटीचा, किंवा पोर्ट बुजवता येणारा.

गळा, तंतू, झांजा: इथे स्पीकर बोलतो

श्रोडरच्या सीमेच्या वर पैसे खर्च करणं खरोखर सार्थकी लागतं, कारण गळा, तंतुवाद्यं, झांजा यांचं खरेपण इथे ठरतं. लहान खोलीत बाजूच्या भिंती जवळ असतात. स्पीकरचा थेट आवाज कानावर येतो आणि त्याच्या पाठोपाठ, काही हजारांश सेकंदांत, भिंतीवरून परतलेला आवाज येतो. मेंदू हे दोन्ही जोडून एकच आवाज समजतो. पण भिंतीवर आपटलेला आवाज स्पीकरच्या बाजूने निघालेला असतो, समोरून नाही. बाजूने निघणारा आवाज समोरच्यासारख्याच गुणाचा असेल तर खोली प्रशस्त वाटते. वेगळा असेल तर गाणाऱ्याच्या आवाजावर एक परका रंग चढतो.

तो वेगळा का होतो? 16 सेंटिमीटरच्या वूफरकडून 2000 हर्ट्झचा सूर वाजवून घेतला, की तरंगलांबी वूफरच्या आकाराएवढी, 17 सेंटिमीटर होते, आणि आवाज समोर एकवटायला लागतो. तिथेच अडीच सेंटिमीटरचा ट्वीटर सूत्रं हातात घेतो आणि तो एकदम चौफेर पसरतो. समोर बसून ऐकलं तर सांधा कळत नाही, पण बाजूच्या भिंतीवर जाणाऱ्या आवाजात आधी खड्डा आणि मग उंचवटा असतो. यावर उपाय आहेत. ट्वीटरभोवती उथळ कर्ण्यासारखा आकार देतात, किंवा ट्वीटर वूफरच्या मध्यातच बसवतात. टॅनॉय या कंपनीने 1947 मध्ये आणि केईएफने 1988 मध्ये आपापल्या पद्धतीने हे दुसरं केलं.

याबाबत सर्वांत पक्कं काम ध्वनी-संशोधक फ्लॉइड टूल यांचं. 1980 च्या दशकात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत त्यांनी पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांकडून गुण मागितले. समोर सपाट आणि बाजूंना गुळगुळीत वाजणारे स्पीकर बहुतेकांना आवडले. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगात, तेच श्रोते स्पीकर दिसत असताना वेगळे गुण देतात आणि दिसत नसताना वेगळे, हेही दिसलं. मला या निष्कर्षाने फार दिलासा मिळतो. चांगला आवाज ही केवळ ज्याच्या-त्याच्या आवडीची गोष्ट असती, तर नव्या माणसाने कशाच्या आधाराने निवड करायची?

म्हणून स्पीकरचा वेगवेगळ्या कोनांतून मोजलेला आलेख शोधा. त्याला स्पिनोरामा म्हणतात. सगळ्या रेषा हातात हात घालून हळूहळू उताराला लागलेल्या दिसल्या तर उत्तम. 2000 ते 4000 हर्ट्झच्या भागात बाजूच्या रेषांना पोट सुटलेलं दिसलं, तर लहान खोलीत तो स्पीकर कानाला टोचण्याची शक्यता मोठी.

खोक्यावरचे आकडे मात्र सावधपणे वाचा. ‘45 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ या वाक्याला पुढे ‘अधिक-उणे 3 डेसिबल’ असं जोडलेलं नसेल तर त्यातून काहीच कळत नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत स्पीकर किती मोठा वाजतो हे, 2.83 व्होल्टला एक मीटरवर मोजतात. हा व्होल्टेज 8 ओहमच्या स्पीकरमध्ये एक वॅट देतो, पण 4 ओहमच्या स्पीकरमध्ये दोन. म्हणजे 4 ओहमचा ‘88 डेसिबल’ आणि 8 ओहमचा ‘85 डेसिबल’ यांना एका वॅटमध्ये सारखाच आवाज होतो. आणि वॅटची चिंता लहान खोलीत फारशी नसते. 85 डेसिबलचे दोन स्पीकर दोन मीटरवरून एका वॅटला साधारण 83 च्या आसपास ऐकू येतील. 50 वॅट दिले की त्यात 17 डेसिबलची भर, म्हणजे संगीतातल्या क्षणिक उसळीला 100. रोजच्या ऐकण्याला हे पुरून उरतं. इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) कुठेतरी 3 ओहमच्या खाली जात असेल, तर ॲम्प्लिफायरला ते झेपतं का एवढं विचारून घ्या.

ऐकून निवडताना

दुकानातल्या मोठ्या खोलीत आवडलेला स्पीकर घरी निराळा वाजतो, याचं कारण आता सांगायला नको. शक्य असेल तर घरी आणून, जिथे ठेवणार तिथेच ठेवून ऐका. दोन जोड्यांची तुलना करताना दोघांचा आवाज एकाच पातळीवर आणा. एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, तो ‘जास्त स्पष्ट, जास्त जिवंत’ म्हणून जाणवतो आणि मोठा वाजणारा स्पीकर विनाकारण जिंकतो. एक पिंक नॉइजची (सगळे सूर मिसळलेल्या सलग खरखरीची) फाइल आणि फोनवरचं साधं मोजमापाचं ॲप या कामाला पुरतं, कारण इथे फक्त फरक मोजायचा असतो.

तुम्ही नेहमी ज्या पातळीवर ऐकता तीच पातळी ठेवा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान केला की कानाला खर्ज इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. रात्री हळू ऐकणाऱ्याने दिवसा मोठ्याने ऐकून निवड केली, तर स्पीकर नंतर रोडावलेला वाटणार.

काय लावावं? आधी संगीताशिवाय नुसतं बोलणं, चांगलं ध्वनिमुद्रित केलेलं. माणसाच्या आवाजाला कान सर्वांत जास्त सरावलेला असतो, छातीत घुमणारा किंवा नाकातून येणारा आवाज लगेच पकडला जातो. मग तानपुरा, कारण त्याच्या सलग गुंजनात एखादा सूर पुढे आला तर लपत नाही. आणि शेवटी एकट्या डबल बासवर खालून वर चढत जाणारी सुरावट. त्यातले सूर किती समान येतात ते बघा. झगमगीत प्रात्यक्षिक रेकॉर्डिंगवर कोणताही स्पीकर चांगला वाटतो.

घरी आणल्यावर

ट्वीटर कानाच्या उंचीला. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोणाच्या आसपास. बाजूच्या भिंतीवर आरसा धरून कोणाला तरी सरकवायला सांगा. खुर्चीतून जिथे स्पीकर दिसेल तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट असलं की चांगलं. पातळ फोमच्या लाद्या खर्जासाठी घेऊ नका. 100 हर्ट्झची पाव तरंगलांबी 86 सेंटिमीटर असते, दोन सेंटिमीटरच्या फोमला तिचा पत्ताही लागत नाही.

खर्जाचे उंचवटे इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणारं साधन) कमी करता येतात, आणि लहान खोलीत ते केल्याने जेवढा फायदा होतो तेवढा केबल बदलून कधीच होत नाही. मोजणीचा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. फक्त उंचवटे कापा, खड्डे भरू नका. 6 डेसिबलचा खड्डा भरायला चौपट वॅट लागतात आणि भिंतीवरून परतणारा आवाज तेवढाच वाढून तो पुन्हा खणतो. खोल खर्ज हवाच असेल तर लहान स्पीकरना सबवूफरची, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरची जोड द्या. सबवूफर खोलीला सोयीच्या जागी ठेवता येतो, मुख्य स्पीकर गाण्याला सोयीच्या जागी. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान सबवूफर ठेवले, तर एका मोठ्यापेक्षा खर्ज बहुधा जास्त समान पसरतो.

आणि जुनी जोडी लगेच देऊन टाकू नका. नव्या स्पीकरची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा, काही आठवड्यांनी जुने त्याच जागी मांडून तीच दोन-तीन गाणी ऐका. फरक फक्त खर्जात जाणवला तर तो जागेचा असू शकतो, आणि अजून थोडं सरकवण्यात अर्थ आहे. गाणाऱ्याचा आवाज, त्यातले शब्द आणि श्वास जुन्यापेक्षा स्पष्ट आणि सहज वाटत असतील, तर जुनी जोडी आता दुसऱ्या कोणाला द्यायला हरकत नाही.